पिकअपच्या पोटाखालची किचकिच

विषय: पिकअपमधून आवाज, बेअरिंग बदलू का?

नमस्कार मंडळी,

गाडी मागच्या चाकांवर चालणारी, गरजेला फोर-बाय-फोर होणारी पिकअप. ऑटोमॅटिक, १,४५,००० किमी. दोन आवाज आहेत. रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाकली की खालून एकच 'खट्'. आणि ताशी १० ते ३० किमीमध्ये चिमणीसारखी किचकिच. वेग वाढला की तीही भराभर होते, ४०च्या पुढे रस्त्याच्या आवाजात बुडते. न्यूट्रलमध्ये टाकून घरंगळू दिली तरी चालूच. हलका ब्रेक दाबला तरी फरक नाही. पावसात भिजली की काही तास गप्प. गॅरेजवाले मागच्या दोन्ही चाकांची बेअरिंग बदलायला सांगतायत. करून टाकू?

---

उत्तर: बेअरिंग बदलू का?

नको, थांबा. तुमच्याच मेलमध्ये अर्धं निदान आहे.

न्यूट्रलमध्ये घरंगळताना आवाज तसाच राहतो, म्हणजे इंजिन, पट्टा, पंखा, सायलेन्सर सगळे सुटले. ब्रेकने फरक नाही, म्हणजे पॅडवरचा संशय बराच कमी झाला. डिस्कमागच्या पत्र्यात खडा अडकला असता तर किचकिच नव्हे, डबा घासल्यासारखी खरखर आली असती. चाकाचं बेअरिंग गेलं की किचकिच करत नाही, घुमतं. बहुतेकदा ५०-६०च्या पुढे, आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवी झुलवली की घुमणं कमी-जास्त होतं. डावीकडे वळताना वाढलं तर संशय उजव्या चाकावर, कारण भार तिकडे जातो. तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

पाणी लागल्यावर गप्प होणारी किचकिच म्हणजे बहुधा कुठेतरी कोरडं लोखंड लोखंडावर घासतंय. माझा डाव प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे फिरणं नेणारी लांब नळी) क्रॉसवर, म्हणजे तिच्या लवत्या सांध्यातल्या चार टोकांच्या तुकड्यावर.

'खट्'चं मात्र निराळं असू शकतं. त्यासाठी खाली वाकण्याआधी हौदा रिकामा करा. टो-हुकाचा बॉल माउंट खोबणीतून काढून ठेवा, हौद्याखाली लटकणारी स्टेपनी साखळीने पूर्ण वर ओढून घट्ट करा, जॅक आणि पाने जागेवर आवळलेले आहेत का ते बघा, मागच्या फाळक्याची कडी तपासा. पिकअपमधले निम्मे 'गूढ' आवाज इथेच सापडतात, आणि लोक शॉक अॅब्सॉर्बर बदलून बसलेले असतात.

---

उत्तर: बेअरिंग बदलू का?

वरच्या काकांच्या अंदाजाला हरकत नाही, पण अंदाजावर पाना कशाला उचलायचा? हा आवाज मोजता येतो.

चाक एका वेगाने फिरतं, शाफ्ट त्याच्या साडेतीन-चार पट वेगाने. किती पट ते डिफरन्शिअलच्या (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा गोळा) रेशोवर ठरतं. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर बहुतेकदा त्याचा कोड असतो. नसेल तर मागचं एकच चाक उचला, गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टवर खडूची रेघ मारून त्याचे फेरे मोजा. साध्या डिफरन्शिअलमध्ये तो आकडा म्हणजेच रेशो. लिमिटेड स्लिप (दोन चाकांना फार वेगवेगळं फिरू न देणारं डिफरन्शिअल) असेल तर एक चाक जमिनीवर असताना दुसरं सहज फिरणार नाही. मग दोन्ही चाकं उचलून दोन्ही मिळून एकाच दिशेने एकच फेरा द्या. हे करताना हँडब्रेक सोडलेला असतो, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर मारा आणि गाडी स्टँडवर टेकवा, नुसत्या जॅकवर नाही.

टायरचा घेर असा काढा: टायरवर आणि जमिनीवर खूण करा, गाडी सरळ एक फेरा पुढे ढकला, अंतर मोजा.

समजा घेर २.५ मीटर आणि रेशो ३.७३. ताशी १२ किमी म्हणजे सेकंदाला ३.३३ मीटर. दहा सेकंदांत चाकाचे १३ फेरे, शाफ्टचे ५०. फोन हौद्यात फडक्यात गुंडाळून ठेवा, दहा सेकंद रेकॉर्ड करा, निम्म्या वेगाने वाजवून मोजा. वेग जीपीएसवरून घ्या; इतक्या कमी वेगाला डायलचा काटा भरवशाचा नसतो.

१३च्या आसपास आलं तर चाक, ड्रम, टायर. ५० आलं तर शाफ्टवरचं काहीतरी. १०० आलं तरी शाफ्टच, कारण वाकड्या कोनात फिरणारा क्रॉस दर फेऱ्याला दोनदा मागेपुढे झुलतो. कधी एकाच बाजूला ओरडतो, कधी दोन्हीकडे.

---

उत्तर: बेअरिंग बदलू का?

ताई, मोजलं. घेर २.४८ मीटर, स्टिकरप्रमाणे रेशो ३.७३. ताशी १२ला तीनदा रेकॉर्ड केलं: ४९, ५१, ५०. शाफ्ट दोन तुकड्यांचा आहे, मध्ये त्याला टांगून धरणारं सेंटर बेअरिंग. स्टेपनी खरंच सैल होती. ती आवळल्यावर खड्ड्यातला एक तिसराच आवाज गेला, जो मी लिहायला विसरलो होतो. 'खट्' आहेच.

---

उत्तर: बेअरिंग बदलू का?

चाकांची बेअरिंग वाचली. आता तीन क्रॉस आणि एक सेंटर बेअरिंग, यांतला गुन्हेगार शोधायचा.

सपाट जागा, चारही चाकं जमिनीवर, पाचर, हँडब्रेक, मग न्यूट्रल, इंजिन बंद. दोन्ही हातांनी शाफ्ट पिळा. तो थोडासा फिरेलच, तो डिफरन्शिअलच्या दात्यांतला प्ले (मोकळीक), त्याने घाबरू नका. नजर ठेवायची ती क्रॉसच्या कपावर (प्रत्येक टोकावरची टोपी) आणि त्याला धरणाऱ्या योकच्या (दोन कानांचा काटा) कानावर. या दोघांत केसभर जरी हालचाल दिसली तर क्रॉस गेला. मग शाफ्ट वर-खाली ढकलून तेच बघा. सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय का, शाफ्ट त्यात खाली बसलाय का तेही बघा.

कोरडा क्रॉस कधी कधी अजिबात प्ले दाखवत नाही. तेव्हा कपाच्या सीलभोवती टॉर्च मारा. तांबूस, विटकरीच्या भुकटीसारखी धूळ दिसली तर आतल्या सुया (बारीक रोलर) गंजून दळल्या जातायत. खात्रीसाठी सर्वांत मागच्या क्रॉसच्या चारही सीलवर पातळ तेलाचा फवारा मारा, फक्त त्याच एका क्रॉसवर, आणि किलोमीटरभर चालवा. गप्प झाला तर तोच. नाही झाला तर पुढचा. ही चाचणी आहे, उपाय नव्हे. पातळ तेल उरलंसुरलं ग्रीसही धुऊन नेतं.

निकाल लागेपर्यंत ट्रेलर ओढू नका आणि हायवेला नेऊ नका. पुढच्या टोकाचा क्रॉस वेगात तुटला तर शाफ्ट खाली पडून रस्त्यात रुततो.

---

उत्तर: बेअरिंग बदलू का?

सर्वांत मागचा. चारपैकी दोन कपांना तांबडी धूळ, आणि तेल मारल्यावर पूर्ण शांत. ग्रीस निप्पल आहे. ग्रीस भरून चालेल का? नाहीतर बदलताना काय सांभाळायचं?

---

उत्तर: बेअरिंग बदलू का?

धूळ पडली म्हणजे सुया गेल्या. ग्रीस भरलं तर काही आठवडे तोंड बंद राहील, एवढंच. बदला.

सगळ्यात आधी हे वाचा: शाफ्ट काढला की 'पी'मधला गिअर मागची चाकं धरत नाही, कारण तो शाफ्टमधूनच धरतो. उतारावर शेवटचा बोल्ट निघाला की गाडी चालू लागते, आणि तुम्ही तिच्या खाली असता. ट्रान्सफर केस (फोर-बाय-फोरची गिअरपेटी) न्यूट्रलमध्ये असेल तरी तोच घोळ. म्हणून सपाट जागा आणि पाचर.

काढण्याआधी पिनियनच्या (डिफरन्शिअलमध्ये शिरणारा दांडा) योकवर आणि शाफ्टवर सरळ रंगाची रेघ मारा. शाफ्टच्या मधल्या, आत-बाहेर सरकणाऱ्या दात्यांच्या सांध्यावरही मारा. तो सांधा एक दाता चुकवून बसवला की दोन टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत आणि जुना आवाज जाऊन नवी थरथर सुरू होते. सुटे झालेले दोन कप चिकटपट्टीने क्रॉसला गुंडाळा, नाहीतर सुया अंगणभर.

नवा क्रॉस मागवताना जुना कॅलिपरने मोजा. क्रॉसच्या १३१० आणि १३३० या दोन्ही मापांचा कप सारखाच, २७ मिमी. रुंदी मात्र पहिल्याची ८१.८ आणि दुसऱ्याची ९२.१ मिमी. नुसता कप मोजणाऱ्याला इथे हमखास चुकीचा डबा मिळतो. १३५०ची रुंदी पुन्हा ९२.१, पण कप ३०.२.

सर्क्लिप (कप जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) काढा. काही गाड्यांत मूळ क्रॉसला सर्क्लिप नसते, प्लास्टिक ओतून कप धरलेला असतो. तिथे योकचा कान टॉर्चने तापवला की प्लास्टिक वितळून भोकातून बाहेर येतं. मग वाइसमध्ये एका बाजूला कपापेक्षा लहान गोटी (पान्याचं सॉकेट), दुसऱ्या बाजूला कप आत मावेल एवढी मोठी गोटी, आणि दाबा. शाफ्टची नळी वाइसमध्ये कधीच पकडू नका, पातळ असते, चेपते.

नवा कप आत दाबताना सर्क्लिपची खाच पूर्ण दिसली नाही तर हातोडी उचलू नका. आत एक सुई आडवी पडलीय. कप काढा, ग्रीसने सुया भिंतीला चिकटवा, पुन्हा घाला. क्लिप बसल्यावर योकच्या कानांवर पितळी हातोडीने बाहेरून एकेक टोला द्या; ताण सुटून क्रॉस हाताने सहज हलायला हवा. निप्पल अशा बाजूला ठेवा की गाडीखालून ग्रीस गन पोहोचेल. शाफ्ट चढवून कप धरणाऱ्या पट्ट्यांचे बोल्ट आवळल्यावर लिथियम ग्रीस एवढं भरा की चारही सीलमधून डोकावेल. तीनच ठिकाणी आलं तर चौथ्या कपाची पट्टी किंचित सैल करून पुन्हा भरा. बोल्ट शक्यतो नवे, निळं लॉकिंग द्रव लावून, गाडीच्या पुस्तकातल्या टॉर्कला.

---

उत्तर: बेअरिंग बदलू का?

'खट्'बद्दल सगळे विसरलेत. शाफ्ट हातात आहेच तर मधला दात्यांचा सांधा सोडवा, जुनं ग्रीस पुसा, मॉलिब्डेनमचं ग्रीस पातळ थराने लावा. तो कोरडा असला की भार उलटताना दाते अडकतात आणि मग एकदम सरकतात. ऐकू येतो तो खटका बहुधा तोच. आत ग्रीस कोंबून भरू नका, हवा अडकून सांधा पूर्ण आत जात नाही.

तरी राहिला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा, रिव्हर्स-ड्राइव्ह करायला लावा आणि तुम्ही गाडीच्या बाजूला उभं राहून मागच्या पाट्यांकडे (स्प्रिंगकडे) बघा. पुढे किंवा मागे कोणी उभं राहायचं नाही. अॅक्सलचं हाउसिंग पाट्यांवर सरकताना दिसलं तर यू-बोल्ट सैल आहेत. शॅकल (पाट्याच्या टोकाची झुलती कडी) उडी मारत असेल तर बुश गेलेत.