रि: रि: ब्रसेल्सला मत देऊन नक्की पाडायचं कुणाला?

मंडळी नमस्कार,
कोजागिरीला दूध आटेपर्यंत वाद रंगला, की आपल्या मताला जास्त किंमत कुठे, ब्रसेल्सला (म्हणजे युरोपियन युनियनमध्ये) की हेगला (म्हणजे डच संसदेत), पण अर्धवट राहिला म्हणून लिहितोय. माझं म्हणणं एवढंच की मतदाराला कुणाला तरी घरी बसवता आलं पाहिजे. २०१९ला युरोपियन संसदेतल्या सगळ्यात मोठ्या गटाने युरोपियन कमिशनच्या (युनियनचं सरकारच म्हणा) अध्यक्षपदासाठी मानफ्रेड वेबर यांना पुढे केलं, लोकांनी मतं दिली, आणि नंतर सगळ्या देशांच्या प्रमुखांनी बंद खोलीत बसून उर्सुला फॉन डेर लायन यांचं नाव काढलं, ज्या निवडणुकीला उभ्याच नव्हत्या! उगाच नाही इथे नेदरलँड्समध्ये २०२४ला युरोपसाठी जेमतेम ४६ टक्के मतदान झालं, आदल्या वर्षी हेगच्या संसदेसाठी ७८च्या आसपास होतं.
– अ‍ॅमस्टलवीनचे काका

काका, पण वेबरना बाजूला सारलं कुणी? फ्रान्सच्या मॅक्रॉन आणि बाकी देशोदेशीच्या नेत्यांनीच ना, मग शिव्या ब्रसेल्सला का 🙂 आणि हेगचं एवढं कौतुक करताय तर पाळणाघराच्या भत्त्याचं प्रकरण विसरलात वाटतं. हजारो आईबापांना लबाड ठरवून वसुली लावली, कित्येक घरं कर्जात बुडाली, जानेवारी २०२१ला सरकारने राजीनामा दिला आणि मार्चच्या निवडणुकीत त्याच पंतप्रधान रुटेंचा पक्ष परत पहिला. घरी कोण बसलं सांगा बरं.
– आयंडहोवनहून ताई

अगं रुटेंचं मान्य. पण ते उकरून काढलं कुणी? ओमत्सिख्त आणि लायटन, दोघं हेगचेच खासदार, त्यात ओमत्सिख्त तर सत्तेतल्याच पक्षाचे. आणि सगळं डच पेपरात, माझ्या शेजारच्या आजीलाही पाठ होतं. ब्रसेल्सच्या संसदेत आपले ३१ जण आहेत, त्यातल्या दोघांची नावं सांग, गूगल न करता.
– काका

नाही सांगता येत, हरले. (पुण्यातला नगरसेवक तरी कुठे माहीत होता म्हणा.) पण विमान रखडलं की भरपाई मिळते, फ्रान्समध्ये फोन लावला तर रोमिंगचे पैसे लागत नाहीत, हे ब्रसेल्समुळेच, हे तरी कबूल करा.
– ताई

तुम्हा डच पासपोर्टवाल्यांचं भांडण वाचून मजा येतेय, मी अजून भारतीय पासपोर्टवर. ब्लू कार्डचे (युरोपबाहेरच्या उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्याचे) नियम ब्रसेल्सने केले, परदेशातून आलेल्या नोकरदारांची ३० टक्केवाली करसवलत हेगने २०१९ला ८ वर्षांवरून ५वर आणली, आणि मला मत कुठे, तर फक्त इथल्या नगरपालिकेत, तेसुद्धा पाच वर्षं राहिल्यावर. तिथे मात्र मी न चुकता जातो.
बाय द वे, दुधाचं मोठं पातेलं माझ्याकडेच आलंय.
– उट्रेख्तवाला