इल्युजन म्हणजे भ्रमच का?

'फ्रॉइड्स लास्ट सेशन' (2023) हा सिनेमा बाबांबरोबर पाहिला. 3 सप्टेंबर 1939, ब्रिटनने युद्ध पुकारलं तो दिवस. लंडनच्या घरात कर्करोगाने पोखरलेला, देव न मानणारा मनोविश्लेषक फ्रॉइड आणि श्रद्धाळू ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस देवावरून वाद घालताहेत. भेट काल्पनिक, मतं बरीचशी त्यांच्या लिखाणातली. मध्येच बाबांनी विचारलं, "देव इल्युजन आहे, म्हणजे काय म्हणतोय हा?" मी म्हटलं, भ्रम. "मग संपलंच की," म्हणत ते चहा टाकायला उठले. माझा शब्द चुकला का?

— चुकला. आपल्याकडे भ्रमाचा भोपळा असतो आणि तो फुटतोच. दोरीवर साप दिसला, दिवा आणला, साप गेला. भ्रम म्हटलं की खोटेपणा आधीच ठरला. फ्रॉइड मात्र धर्मावरच्या 'द फ्यूचर ऑफ ॲन इल्युजन' या 1927च्या पुस्तकात बजावतो की इल्युजन चूकच असेल असं नाही. ते इच्छेतून जन्मतं, एवढीच त्याची खूण. उदाहरण त्याचंच : मध्यमवर्गीय मुलीला वाटतं, राजपुत्र येऊन मागणी घालेल. येऊही शकतो, क्वचित आलेतही! वास्तवाच्या थेट उलट जाणाऱ्या समजुतीला तो वेगळा जर्मन शब्द वापरतो. तिला खुशाल भ्रम म्हणा.

— मग भास?

— छे. भास कानाडोळ्यांना होतो. कुणी नसताना हाक ऐकू आली, तर तो भास.

— 'मनातले मांडे' कसं वाटतं? इच्छा तर आलीच त्यात.

— चविष्ट आहे, पण मांडे खाणाऱ्याला लोक हसतात. माझं मत 'मनाची समजूत'ला. 'तेवढीच मनाची समजूत' म्हणताना आपण खरंखोटं करत बसत नाही. मनाला गरज होती, इतकंच सांगतो. शिवाय लुईसलाही जागा उरते. त्याचं म्हणणं, बाळाला भूक लागते आणि जगात अन्नही असतं. मग या जगात कशानेच न भागणारी ओढ लागते, तिचं काय? इच्छा दोघांनाही मान्य आहे, भांडण आहे ते तिच्यावरून काय ठरतं याचं. 'भ्रम' म्हटलं तर लुईसने नुसतं ऐकून घ्यायचं.

— बाबांना सांगितलं. म्हणाले, "समजूत कुणीतरी घालावी लागते. इथे घालतंय कोण?"

— फ्रॉइडच्या मते बाप. घाबरलेल्या मुलाला बापाचा आधार असतो. मोठेपणी तो पुरेनासा झाला, की त्यालाच आभाळाएवढा करून वर बसवायचं. हे बाबांना जरा जपून सांगा.