मदत हवी आहे: स्की शिकताना थांबताच येत नाही, तीनच दिवस उरले आहेत

दांडियाबाजारकर:
नमस्कार. काल आणि आज असे दोन दिवस मी स्की शिकण्याचा प्रयत्न करीत आहे. परंतु एकदा घसरू लागलो की थांबता येत नाही आणि शेवटी मुद्दाम पडावे लागते. उजव्या पायाची स्की तर दोनदा पडण्याआधीच सुटली. नडग्या इतक्या दुखत आहेत की संध्याकाळी हॉटेलचा जिना उलट्या पावलांनी उतरलो. वय 54, रोज सयाजीबागेत चार फेऱ्या मारतो आणि पावागड पायऱ्यांनी चढतो, त्यामुळे दमसासाची अडचण नाही. शनिवारी निघायचे आहे. थांबण्याची युक्ती कृपया लवकर सांगावी. 'सराव करा' असे सांगू नये, ते जावई सांगतच आहेत.

नर्मदाकाठ:
गुलमर्गच्या गोंडोलाच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे अफरवटच्या बाजूला, मुळीच जाऊ नका. ते ठिकाण 3,900 मीटरच्याही वर आहे आणि तिथले उतार नवशिक्यांचे नव्हेत. मी गुलमर्गलाच शिकलो, गावालगतच्या सौम्य उतारावर. गोंडोलाचे तिकीट मात्र आधीच ऑनलाइन काढून ठेवा.

दांडियाबाजारकर:
आम्ही गुलमर्गला नाही, ऑस्ट्रियात टिरोलमध्ये आहोत. कन्या म्युनिकला असते, तिच्याकडून गाडीने आलो. हे लिहायचे राहिले. पण बर्फ इथूनतिथून सारखाच असणार.

कोकणी_कासव:
काका, बर्फ सारखा असेल, पण बाकीचे कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. आपल्याला शिकवते कोण? उताराच्या फलकाचा रंग कोणता? बुटात काय घालता? आणि भाड्याच्या दुकानात वजन किती सांगितले?

मांडवीवासी:
मी पण वडोदऱ्याचाच. माझे मत असे की आधी घरी रोलर स्केट्सवर तोल साधावा आणि मगच बर्फावर उतरावे. माझ्या पुतण्याला त्याचा फार उपयोग झाला.

दांडियाबाजारकर:
मांडवीवासी, शनिवारी निघायचे आहे, स्केट्स आता कुठून आणू? कोकणी_कासव, शिकवतात जावईच; ते स्वतः उत्तम स्की करतात, पण 'असे करा' म्हणतात आणि खाली निघून जातात. फलक निळा आहे. बुटात लोकरीचे दोन जोड मोजे घालतो आणि थंडी लागू नये म्हणून थर्मलच्या तंगड्याही आत खोचतो. वजन 74 सांगितले, सध्या 83 असावे. मोज्यांचा आणि वजनाचा थांबण्याशी काय संबंध?

हिमरेषा:
निळा उतार नवशिक्यांचा नसतोच, हिरवा शोधा. स्की सुटत असेल तर बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, स्क्रू थोडा आवळून घ्या, मी नेहमी तसेच करतो.

कोकणी_कासव:
हिरवा फलक फ्रान्समध्ये असतो. ऑस्ट्रियात निळा हाच सर्वांत सोपा. स्क्रूला मात्र काकांनी हात लावू नये. बाइंडिंग किती जोराने सुटावे हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरते. नऊ किलो कमी सांगितल्यामुळे ते लवकर सुटत असणार. पण अंदाजाने आवळले आणि पडताना सुटलेच नाही, तर गुडघा पिरगळेल. दुकानात खरे वजन सांगा, ते पाच मिनिटांत करून देतात. स्कीवर पाय ठेवण्याआधी बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फही काठीने खरवडून काढा.

आता मोजे. दोन जोडांमुळे पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट अधिक गार पडतो. शिवाय घडी पडली की नेमकी तीच नडगीला रुतते. गुडघ्यापर्यंतचा एकच पातळ मोजा घाला आणि थर्मल बुटाच्या वर ठेवा. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे किंचित टेकावीत आणि गुडघे वाकवले की मागे सरावीत, असा बूट योग्य समजावा.

नडगी दुखते म्हणून आपण मागे रेलत असणार. भीती वाटली की प्रत्येक जण मागेच रेलतो. मग भार स्कीच्या शेपटाकडे, म्हणजे मागच्या टोकाकडे जातो, पुढची टोके हलकी होतात आणि स्की ऐकेनाशी होते. नडगी बुटाच्या जिभेला टेकवून ठेवा, टोके जवळ आणि टाचा लांब अशी पाचर करा, आतल्या कडा बर्फात दाबा आणि नजर पायांऐवजी पुढे ठेवा.

हे सगळे निळ्या उतारावर मात्र करू नका. गावाजवळ सरकत्या पट्ट्याचा सराव-उतार असतो, तिथे जा. गटाचे वर्ग बहुधा रविवारी-सोमवारी सुरू होतात, म्हणून आता मध्येच शिरण्याऐवजी दोन तासांचा खाजगी प्रशिक्षक घ्या.

हिमरेषा:
जावयांना काय वाटेल?

दांडियाबाजारकर:
जावईबापूंना सुटल्यासारखे वाटले, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसले. आज एकच मोजा घातला, दुकानात 83 सांगितले, आणि प्रशिक्षिकेने पहिला अर्धा तास मला काठ्याच दिल्या नाहीत. सरकत्या पट्ट्याने अकरा वेळा वर गेलो, पैकी सात वेळा न पडता थांबलो. स्की एकदाही आपोआप सुटली नाही. नडगीवर मोज्याच्या घडीचा लाल वळ अजून आहे. उद्या ती टी आकाराच्या दांड्याच्या लिफ्टने नेणार आहे. त्यावर बसायचे कसे?

कोकणी_कासव:
बसायचेच नाही, काका. दांडा मांडीमागे टेकेल, तेव्हा उभेच राहा आणि स्की समांतर ठेवा. तो तुम्हाला वर ओढत नेईल. बसलात की आपटाल.