तातडीचं: नव्या लॅपटॉपवर मुलांचा खेळ उघडताच बंद पडतोय, शनिवारच्या आत हवाय

प्रेषक: मुलांचा विभाग
मंगळवार, रात्री ९.४०

मंडळी,
नव्या लॅपटॉपवर शहर वसवायचा खेळ चालत नाहीये. चिन्हावर डबल क्लिक केलं की काळा पडदा येतो, दोन-तीन सेकंद तसाच राहतो आणि परत डेस्कटॉप. कसलाही संदेश नाही. तीनदा काढून पुन्हा टाकला, तरी तेच. जुन्या लॅपटॉपवर शेवटपर्यंत छान चालत होता. शनिवारसाठी चौदा मुलांची नावं आली आहेत आणि त्यातली दोघं गेल्या वेळचं अर्धवट शहर पुढे न्यायचं म्हणून कधीची थांबली आहेत. त्यांची सेव्ह केलेली फाइल माझ्याकडे पेनड्राइव्हवर आहे. कोणाला काही सुचत असेल तर आजच सांगा.

प्रेषक: तात्या
मंगळवार, रात्री १०.०५

विंडोज ११ टाकलंय ना? मग जुने खेळ विसरा. मी बैठकीत सांगितलं होतं की १० वरच राहू या.

प्रेषक: सचिव
मंगळवार, रात्री १०.३०

तात्या, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या यंत्रावर सभासदांचे पत्ते आणि वर्गणीचे हिशेब आहेत ते सुरक्षा अपडेटशिवाय वापरणं मला पटत नाही, आणि बैठकीत त्या ठरावाला तुम्हीही हात वर केला होता. जुन्या यंत्रात टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) नव्हतं, म्हणून नवं घ्यावं लागलं. हा लॅपटॉप मी दोन संध्याकाळी बसून लावलाय. त्यातलं काहीही बदलायचं असेल तर कृपा करून आधी मला विचारा. मागच्या वेळी प्रोजेक्टरची सेटिंग कोणी बदलली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

प्रेषक: अण्णा
मंगळवार, रात्री ११.१५

तात्या, सरसकट असं म्हणता येणार नाही. माझ्याकडच्या विंडोज ११ वर हाच खेळ, याच सेटअप फाइलवरून टाकलेला, आत्ता चालवून पाहिला. चालतो.

जे खेळ खरोखर चालत नाहीत त्यांची कारणं ठरलेली असतात. अगदी जुने १६-बिटचे खेळ चालत नाहीत, कारण विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं आणि ६४-बिट विंडोज १६-बिटचे प्रोग्रॅम चालवतच नाही. ज्या खेळांच्या सीडीला नक्कल-बंदीसाठी सेफडिस्क होतं तेही अडतात. त्याला लागणारा ड्रायव्हर २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हाच काढून टाकला गेला. डायरेक्टएक्स (खेळांची चित्रं-आवाज हाताळणारी विंडोजची सोय) ९ च्या काळातल्या खेळांना जून २०१० चं रनटाइम वेगळं टाकावं लागतं. काहींना डायरेक्टप्ले (यंत्रं जोडून खेळायची जुनी सोय) लागतं, ते विंडोजच्या ऐच्छिक फीचर्समध्ये ‘लेगसी कॉम्पोनंट्स’खाली बंद असतं, सुरू करावं लागतं. आपला खेळ वीसएक वर्षांचा, ३२-बिटचा आहे. यातलं तिसरं-चौथं एकदा बघून घ्या.

पण त्याआधी एक करा. पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करून काही कळत नाही. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची बिघाडांची नोंदवही) उघडा, विंडोज लॉग्जमध्ये ॲप्लिकेशन, तिथे लाल खुणेची आयडी १००० ची नोंद शोधा. तिच्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल नेम’ आणि ‘एक्सेप्शन कोड’ अशा दोन ओळी असतील. त्या मला पाठवा.

प्रेषक: मुलांचा विभाग
बुधवार, सकाळी ७.२०

अण्णा, रनटाइम टाकलं, डायरेक्टप्ले सुरू केलं, कम्पॅटिबिलिटी मोडही लावून पाहिला. फरक नाही. मॉड्यूलच्या जागी खेळाच्याच एक्झी फाइलचं नाव आहे. कोड म्हणजे सी, मग सहा शून्यं आणि शेवटी पाच.

प्रेषक: दादा
बुधवार, सकाळी ८.१०

हे ग्राफिक्स ड्रायव्हरचं काम आहे. गेल्या हिवाळ्यात माझा महिना यातच गेला होता. खेळ सुरू झाला की वीस मिनिटांनी पडदा काळा, मग परत यायचा. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने सेफ मोडमध्ये सगळं पुसून नवा ड्रायव्हर टाकला, तरी होईना. शेवटी रॅमची एक पट्टी काढून पाहिली, मग दुसरी काढून पाहिली, तेव्हा कळलं की दुसऱ्या पट्टीतच दोष होता. तर आधी ड्रायव्हर, मग मेमरी टेस्ट. शिवाय कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटेग्रिटी बंद करून पाहा, खेळांना वेगही येतो.

प्रेषक: खजिनदार
बुधवार, सकाळी ८.२५

मेमरी इंटेग्रिटी बंद करायची नाही. सदोष किंवा घातक ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात शिरू नये म्हणून ती आहे. माझे हिशेब त्याच लॅपटॉपवर आहेत. एका खेळासाठी ते दार उघडं ठेवायला माझी संमती नाही, आणि हे मी बैठकीतही मांडेन.

प्रेषक: दादा
बुधवार, सकाळी ८.४०

खजिनदार, मी फक्त तपासण्यापुरतं म्हणत होतो. कायमचं बंद ठेवा असं कुठे म्हटलंय?

प्रेषक: अण्णा
बुधवार, दुपारी १२.१०

दादा, तुमच्याकडचं दुखणं वेगळं होतं. ड्रायव्हर अडकला की विंडोज त्याला साधारण दोन सेकंद वाट बघून पुन्हा उभं करतं आणि सिस्टिम लॉगमध्ये ४१०१ ची नोंद पडते. मॉड्यूलच्या ओळीतही बहुतेक वेळा ग्राफिक्सच्या डीएलएलचं नाव येतं. इथे नाव खेळाचं स्वतःचं आहे. सी आणि शेवटी पाच म्हणजे ॲक्सेस व्हायोलेशन. प्रोग्रॅमने मेमरीत जिथे हात घालायला नको तिथे घातला. सहसा काहीतरी मागितलं, ते मिळालं नाही, आणि मिळालंय असं धरून तो पुढे गेला की असं होतं. शिवाय रॅम बिघडली असती तर पडझड कुठेही आणि केव्हाही झाली असती. इथे दर वेळी त्याच क्षणी होतेय.

तेव्हा प्रश्न एवढाच आहे: सुरू होताना खेळ काय मागतोय?

प्रेषक: वहिनी
बुधवार, दुपारी १.३०

वनड्राइव्ह बघितलंत का? आमच्याकडे नव्या विंडोजने डॉक्युमेंट्सचं फोल्डर वनड्राइव्हमध्ये नेलं होतं. सेव्ह केलेले खेळ जुन्या जागी शोधायला जावं तर काहीच नाही. मुलगा रडकुंडीला आला होता, त्याची दोन वर्षांची शेती गेली असं त्याला वाटलं. नंतर सगळं सापडलं.

प्रेषक: सचिव
बुधवार, दुपारी २.००

नाही वहिनी. मंडळाच्या लॅपटॉपवर मी लोकल अकाउंट केलंय. वनड्राइव्हला कोणाचंही खातं जोडलेलं नाही.

प्रेषक: मुलांचा विभाग
बुधवार, संध्याकाळी ६.५०

वहिनींची मेल वाचून माझ्या लेकीने एक गोष्ट काढली. खेळाच्या फोल्डरमध्ये एक लॉगची फाइल आहे, ती तिने नोटपॅडमध्ये उघडली. शेवटची ओळ अशी:

सी:\युझर्स\????\डॉक्युमेंट्स

आणि पुढे ‘फोल्डर बनवता आलं नाही’ अशा अर्थाचं वाक्य. ती विचारतेय की ही चार प्रश्नचिन्हं कशाची. मला उत्तर देता आलं नाही.

प्रेषक: अण्णा
बुधवार, संध्याकाळी ७.१५

सापडलं! लेकीला माझ्याकडून शाबासकी सांगा.

सचिवताई, अकाउंट करताना तुम्ही नाव ‘मंडळ’ असं देवनागरीत टाकलंत ना? म, अनुस्वार, ड, ळ. चार चिन्हं, चार प्रश्नचिन्हं.

लोकल अकाउंट करताना जे नाव देतो त्याच नावाचं फोल्डर विंडोज युझर्समध्ये बनवतं. विंडोजला स्वतःला देवनागरीची काही अडचण नाही, एनटीपासून, म्हणजे १९९३ पासून, ते आतून युनिकोडच आहे, म्हणजे सगळ्या लिपींची अक्षरं एकाच मोठ्या तक्त्यात. पण वीस वर्षांपूर्वीच्या पुष्कळ खेळांनी ती युनिकोडची वाट न घेता जुनी कोड पेजची, म्हणजे एकेका भाषागटाच्या छोट्या अक्षर-तक्त्याची, वाट घेतली. पश्चिम युरोपीय भाषांसाठी १२५२, ग्रीकसाठी १२५३, अरबीसाठी १२५६, थाईसाठी ८७४ अशी ती पानं. देवनागरीसाठी विंडोजमध्ये असं पान कधी आलंच नाही. मग अशा प्रोग्रॅमने पत्ता विचारला की जे अक्षर त्याच्या पानावर नाही त्याच्या जागी त्याला प्रश्नचिन्ह मिळतं. आणि प्रश्नचिन्ह विंडोजमध्ये फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात चालतच नाही. फोल्डर बनत नाही, सेटिंगची फाइल उघडत नाही, खेळ ते तपासत नाही आणि कोसळतो.

जुन्या लॅपटॉपवर तेच नाव रोमनमध्ये होतं, माझ्याकडेही रोमन आहे. म्हणून दोन्हीकडे चालला.

प्रेषक: सचिव
बुधवार, रात्री ८.४५

अण्णा, मला वाईट वाटलं. मंडळाची पाटी मराठीत, पत्रं मराठीत, मग लॅपटॉप उघडल्यावर समोर ‘मंडळ’ अशी अक्षरं दिसावीत म्हणून मी ते मुद्दाम केलं होतं. पहिल्या दिवशी ते दिसलं तेव्हा मी थोडा वेळ नुसतं बघत बसले होते. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. खेळ त्याच्या कितीतरी नंतरचा. चूक खेळ बनवणाऱ्यांची आणि नाव आपण बदलायचं?

प्रेषक: तात्या
बुधवार, रात्री ९.००

सचिवबाई बरोबर बोलताहेत. या बाबतीत मी त्यांच्या बाजूने आहे.

प्रेषक: दादा
बुधवार, रात्री ९.२०

नाव बदलायची गरज नाही. रीजन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह, ‘चेंज सिस्टिम लोकेल’ इथे जा. तिथे युटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) ची एक खूण आहे, पुढे ‘बीटा’ लिहिलेलं. ती टिचकवा आणि रीस्टार्ट करा. मग जुन्या प्रोग्रॅमनाही देवनागरी पत्ता मिळतो. नाहीतर युझर्समधल्या फोल्डरचंच नाव सरळ रोमन करा, दोन मिनिटांचं काम.

प्रेषक: अंकाचे संपादक
बुधवार, रात्री ९.५०

त्या खुणेला हात लावू नका, कळकळीची विनंती. मी गेल्या वर्षी माझ्या यंत्रावर ती लावली होती. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेले आपले जुने अंक जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले तर अर्धी अक्षरं चौकोन झालेली. ते फॉन्ट रोमनच्या जागांवर, त्यातही १२५२ च्या वरच्या अर्ध्या भागात, मराठी अक्षरांचे तुकडे बसवतात. कोड पेज बदललं की ते तुकडे हरवतात. खूण काढली तेव्हा सगळं परत आलं, पण तो दिवस माझ्या लक्षात आहे. त्या फाइल्स आता मंडळाच्या लॅपटॉपवर आहेत आणि पहिल्या नऊ अंकांची छापील प्रत कोणाकडेच नाही. निदान ते युनिकोडमध्ये उतरवून होईपर्यंत तरी थांबा. मदतीला दोन माणसं मिळाली तर काम लवकर होईल, हे मी आधीही लिहिलं होतं.

प्रेषक: अण्णा
बुधवार, रात्री १०.३०

संपादकांशी सहमत. शिवाय ती खूण लावूनही हा खेळ चालेलच असं नाही. देवनागरीचं एकेक चिन्ह युटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, म्हणजे ‘मंडळ’चे बारा. एक अक्षर म्हणजे एक बाइट असं धरून चाललेला प्रोग्रॅम तिथेही अडखळू शकतो.

आणि दादा, फोल्डरचं नाव हाताने बदलू नका. त्याचा पत्ता रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) आणि इतर पुष्कळ ठिकाणी नोंदलेला असतो. पुढच्या वेळी लॉगिन केलं की तात्पुरतं रिकामं प्रोफाइल समोर येतं आणि आपल्या फाइल्स गेल्या असं वाटून पोटात गोळा येतो.

ताई, तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं आणि त्यावर वाट आहे. मुलांसाठी वेगळं लोकल अकाउंट करा. करताना नाव रोमनमध्ये द्या आणि एकदा त्यात लॉगिन करा, म्हणजे फोल्डर रोमन बनेल. मग कंट्रोल पॅनेलमधून अकाउंटचं नाव बदलून देवनागरी करा. फोल्डर पहिल्यांदा बनलं की नंतर नाव बदललं तरी ते जसंच्या तसं राहतं. पडद्यावर मराठी, आत रोमन. तुमच्या ‘मंडळ’ अकाउंटला, हिशेबांना, अंकांना कोणाचाच हात लागत नाही. आणि हे अकाउंट ‘स्टँडर्ड’ ठेवा, ॲडमिनिस्ट्रेटर नको, म्हणजे खजिनदारांनाही काळजी नाही.

प्रेषक: खजिनदार
बुधवार, रात्री १०.४०

स्टँडर्ड असेल तर माझी हरकत नाही.

प्रेषक: सचिव
गुरुवार, रात्री ८.१५

मी आत्ता मुलांच्या विभागाच्या घरी आहे, लॅपटॉप घेऊन आले. नवं अकाउंट केलं, रोमन नावाने आत शिरलो, बाहेर आलो, नाव बदलून ‘बालगोपाळ’ ठेवलं. ते नाव लेकीने सुचवलं. लॉगिनच्या पडद्यावर आता ‘मंडळ’ आणि ‘बालगोपाळ’ अशी दोन्ही नावं एकाखाली एक मराठीत दिसताहेत. अण्णा, मनापासून आभार.

प्रेषक: मुलांचा विभाग
गुरुवार, रात्री ८.५५

चालला! काळा पडदा, दोन-तीन सेकंद, आणि मग पाठोपाठ संगीत. पेनड्राइव्हवरची फाइल नव्या डॉक्युमेंट्समध्ये खेळाच्या फोल्डरात ठेवली आणि जुनं शहर जसंच्या तसं उघडलं, नदीवरचा अर्धा पूलसुद्धा. लेकीने मुद्दाम लॉग पुन्हा उघडून पाहिला. प्रश्नचिन्हं नाहीत.

संपादक, युनिकोडच्या कामाला मी रविवारी येते. लेकही यायचं म्हणतेय.

प्रेषक: दादा
गुरुवार, रात्री ९.१०

छान झालं. तरी मेमरी टेस्ट एकदा रात्रभर लावून ठेवा, नवं यंत्र आहे.

प्रेषक: अंकाचे संपादक
गुरुवार, रात्री ९.३०

रविवारी दहा वाजता या. पहिल्या अंकापासून सुरुवात करू. त्यातली अर्धी पानं अजून मला नीट वाचता येतात, बाकीची अण्णांना दाखवावी लागतील.