ग्रीनबर्ग असता तर कंपनी बुडली नसती म्हणे! (लांब लिहिलंय, चहा घेऊन बसा)

उद्यमनगरी:
परवा इथं एकानं एआयजी या अमेरिकन विमा कंपनीच्या हँक ग्रीनबर्गची आरती ओवाळली. 'गडी 1968 पासून 2005 पर्यंत सीईओ. त्याला घालवला आणि तीन वर्षांत कंपनी बुडाली. असा एक माणूस आपल्या विमा कंपन्यांना मिळाला पाहिजे!' खाली लाइकचा पाऊस. मी 30 वर्षं गाड्यांचे क्लेम सर्व्हे केलेत, गप्प बसवंना.

माणूस कडक, वादच नाही. वय चोरून फौजेत भरती, दाखाऊची छळछावणी मोकळी करताना हजर, मग कोरियाचं युद्ध. 1960 ला एआयजीचा मूळ मालक स्टारसाहेबाकडं नोकरीला लागला, आठ वर्षांत कंपनीच्या खुर्चीत. 1992 मध्ये चीननं परक्या विमा कंपनीला लायसन दिलं तेही एआयजीलाच. सगळं मान्य. पण ज्या फायनान्शियल प्रॉडक्ट्स विभागानं कंपनी खड्ड्यात घातली, ते दुकान 1987 ला कुणाच्या राज्यात उघडलं? दुसऱ्याच्या कर्जाची हमी घ्यायची, हप्ता खिशात टाकायचा, पण त्याला विमा म्हणायचं नाही. म्हणजे रिझर्व्ह, क्लेम द्यायला बाजूला काढलेला पैसा, ठेवायची कटकट नाही. वर जनरल री या कंपनीबरोबर 50 कोटी डॉलरचा पुनर्विम्याचा, म्हणजे विमा कंपनीनंच काढायच्या विम्याचा, कागद रंगवला. धोका कुणीच घेतला नव्हता, नुसता रिझर्व्ह गुबगुबीत दिसावा म्हणून. त्याच भानगडीत खुर्ची गेली, आणि 2017 ला 90 लाख डॉलर भरून मिटवलं. मांडव यानं घातला. तो पडला तेव्हा हा जेवून घरी गेला होता, एवढंच.

रंकाळ्याचा वारा:
आरती मीच ओवाळली, हजर आहे. काका, अर्धंच सांगालाय. घरकर्जाच्या त्या सडक्या हमींचा मोठा ढीग तो गेल्यानंतरच्या महिन्यांत लागला, असं तो स्वतः सांगतोय. कंपनीचं ट्रिपल-ए, म्हणजे पतीचं सगळ्यात वरचं, रेटिंग कधी गेलं? मार्च 2005, तो उठला त्याच महिन्यात. रेटिंग घसरलं की समोरचा तारण मागतो, तिथंच 2008 ला फास बसला. आणि त्याच्या मागं लागलेला न्यूयॉर्कचा तेव्हाचा अॅटर्नी जनरल स्पिट्झर? 2008 ला बायकांच्या भानगडीत स्वतःच गव्हर्नरपद सोडून पळाला.

राहता राहिलं सर्व्हेअर लोकांचं. 2019 च्या पुरात माझी गाडी शाहूपुरीत पार्किंगला, पाणी आरशापर्यंत. एक लाख ऐंशी हजाराचं बिल, हातात आले बावीस हजार. सीट आणि गालिच्याचे. ग्रीनबर्गचं सोडा, आधी त्याचं उत्तर द्या.

उद्यमनगरी:
पाणी ओसरल्यावर सेल मारलास का? एका शब्दात सांग.

तांबडा जास्त:
पोलीस चौकी उघडली मर्दा इथं 😂

रंकाळ्याचा वारा:
मी नाही. मेकॅनिकनं.

उद्यमनगरी:
झालं की मग! पाणी दाबलं जात नाही, भावा. सिलिंडरमध्ये पाणी, वर पिस्टन मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन उघडलं की दिसतंच. कंपनी म्हणते पुरानं नाही, तुमच्या चावीनं गेलं. इंजिन प्रोटेक्ट, इंजिनाचा जादा हप्त्याचा विमा, घेतला होता? नसणार. टोचन करून न्यायची, चावीला हात लावायचा नाही, हे मी बोंबलून सांगितलंय.

रंकाळ्याचा वारा:
कुणाला बोंबललात? पॉलिसी देताना एजंट बोलला नाही, फोनवरची बाई बोलली नाही. पंचगंगा 55 फुटांच्या वर गेलेली, व्हीनस कॉर्नरला होड्या फिरत होत्या, टोचनवाला कुठनं आणू? रांगेत नंबर दहा दिवसांनी!

माहेर गडहिंग्लज:
आला का एजंटावर! मी 16 वर्षं एजंट आहे. फॉर्म समोर ठेवला की 'ताई, तुम्हीच भरा, सही कुठं करू?' बीपी-शुगर विचारलं तर सासूबाई आतनं ओरडतात, 'काय नाही त्यांना!' पुढं आयसीयूत डॉक्टर केसपेपरवर लिहितो, 'सहा वर्षांपासून बीपी.' मग टीपीएचं, म्हणजे कंपनीतर्फे क्लेम तपासणाऱ्यांचं, पत्र येतं आणि आमचा फोन वाजतो. बरं, हप्ता ऑनलाइन, 400 रुपये वाचले म्हणून. शिव्या मात्र मला.

तांबडा जास्त:
ताई, कमिशन पण ऑफलाइनच घेता ना?

माहेर गडहिंग्लज:
तुझ्या गाडीचं डिझेल तू फुकट भरतोस काय रे? नीट बोल.

जुना बिंदू चौक:
भांडा खुशाल, मुद्दा ग्रीनबर्ग होता. आमच्या वेळची गोष्ट सांगतो. 1956 ला एलआयसी झाली, पुढच्याच वर्षी हरिदास मुंदडा या व्यापाऱ्याच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम घातली. फिरोज गांधींनी लोकसभेत लावून धरलं, न्यायमूर्ती छागलांनी उघड चौकशी केली, 1958 ला अर्थमंत्री कृष्णमाचारी घरी. सव्वा कोटीत मंत्री गेला! तिकडं सरकारनं एआयजीत 182 अब्ज डॉलरची मदत ओतली.

रंकाळ्याचा वारा:
ती वसूलही झाली आजोबा, वर 22 अब्ज सुटले सरकारला. अर्धं सांगायची साथच आलीय इथं.

उद्यमनगरी:
ते खरं आहे. आणि आता तू विचारलंसच म्हणून, तुझ्या गाडीवरही एक खरं सांगतो. 2019 ला शिरोलीच्या एका गॅरेजात माझ्यापुढं 14 गाड्या ओळीनं. डॅशबोर्डवर चिखलाची रेघ, आत कुबट वास, एका गाडीच्या डिकीत गणपतीच्या आरासीचे मणी. तिचं इंजिन मी रॉडसकट मान्य धरून अहवाल दिला, कारण पाण्यातनं ढकलताना काय झालं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. वरच्या साहेबानं आकडा अर्ध्यावर आणला. मी सही केली. तेव्हा तुझं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण सेल मारायचा नव्हता!

रंकाळ्याचा वारा:
चला, सर्व्हेअरकडनं निम्मा क्लेम पास. नोंद घ्या.

उद्यमनगरी:
खूश होऊ नको, तुझ्या देवाचा क्लेम ऐक. 2008 ला सरकारनं एआयजीचा 79.9 टक्के हिस्सा घेतला, तो बेकायदा म्हणून ग्रीनबर्गनं स्वतःच्या स्टार कंपनीतर्फे 2011 ला सरकारवर दावा ठोकला. 2015 ला जज म्हणाला, तुमचं बरोबर, सरकारनं अधिकार ओलांडला. भरपाई? शून्य. 2017 ला वरच्या कोर्टानं ते 'बरोबर'सुद्धा काढून घेतलं.

माहेर गडहिंग्लज:
म्हणजे 37 वर्षं विमा कंपनी चालवून शेवटी त्यालाही पत्र आलंच. 'आपला दावा ग्राह्य, देय रक्कम निरंक.'

रंकाळ्याचा वारा:
ताई, हे वाक्य माझ्या इंजिनाच्या पत्रातलं आहे 🙏 गाडी मात्र भंगारात 35 हजाराला गेली. काका, गणपतीच्या मण्यांची गाडी कुठल्या रंगाची होती?

उद्यमनगरी:
पांढरी. का?

रंकाळ्याचा वारा:
काही नाही. माझी राखाडी होती.