निदाला दीड दिवसात काय पाहावं? उद्या दुपारपर्यंत ठरवायचं आहे

निळीछत्री
नमस्कार. निदाला दीड दिवस आहोत, एक रात्र मुक्काम. नेटवर जिथे बघावं तिथे तीच वाळूची टेकडी आणि तेच लेखकाचं घर. खरंच पाहण्यासारखं काय आहे आणि काय सोडलं तरी चालेल? दुसरं म्हणजे फेरीबोट. नकाशात दोन धक्के दिसतात, कुठल्या धक्क्यावर जायचं? खोलीचं बुकिंग उद्या दुपारी बारापर्यंतच फुकट रद्द करता येतं, म्हणून घाई आहे. ज्यांनी स्वतः पाहिलंय त्यांनीच सांगा, प्लीज.

चौकस
निदा कुठे आलं? देश तरी लिहा.

निळीछत्री
लिथुआनिया. बाल्टिक समुद्र. मला वाटलं गेलेल्यांना कळेलच.

पायपीट
मी दोनदा गेलोय. पण आधी सांगा, कोण कोण आहात, कुठला महिना, आणि गाडी आहे का? गाडीचं कळल्याशिवाय धक्का सांगता येणार नाही. अलीकडचं बंदर म्हणजे क्लायपेदा. त्याचा जुना धक्का गावातच आहे, तिथून फक्त माणसं आणि सायकली जातात. नवा धक्का दक्षिणेला, गाड्यांसाठी. आम्ही पहिल्या वेळी पायी असून नव्या धक्क्यावर जाऊन उभे राहिलो आणि अर्धी सकाळ घालवली.

देवगडकर
वा, निदा! दर्यावरच्या माणसाने बघावंच असं गाव. ९८ किलोमीटर लांब वाळूचा दांडा, अरुंद जागी जेमतेम ४०० मीटर रुंद, एका अंगाला बाल्टिक आणि दुसऱ्या अंगाला खाजण, म्हणजे दांड्यामुळे समुद्रापासून तुटलेलं पाणी. निम्म्याहून थोडा जास्त दांडा लिथुआनियाकडे, उरलेला रशियाच्या कालिनिनग्राडकडे. निदा हद्दीच्या अगदी जवळ.

एक सांगतो, गाव समुद्राकडे तोंड करून नाही. ते खाजणाच्या काठी आहे. समुद्राची पुळण दुसऱ्या बाजूला, झाडीतून दीडदोन किलोमीटर चालून. तेव्हा खोलीतून पाणी दिसतं असं लिहिलं असेल तर ते खाजणाचं पाणी. नेमान नदी त्यात उतरते म्हणून ते जवळपास गोडंच.

आणि मासे. धुरावर शेकवलेले. ब्रीम घ्या, वाम घ्या. टपरीवर कागदात बांधून देतात, धक्क्यावर बसून हाताने खायचे.

खारवारा
देवगडकर, खाजण नका म्हणू हो. आपल्याकडे खाजण म्हणजे भरतीचं पाणी शिरतं ती खारजमीन, बांध घालून शेती करतो ती.

देवगडकर
शाळेच्या भूगोलात लगूनला खाजणच शिकलो. वाळूचा दांडा, पुळण, खाजण, एकाच धड्यात.

खारवारा
पुस्तकात असेल. आमच्या वाडीत कोणी म्हणणार नाही.

निळीछत्री
कृपया धाग्यावर राहू या का? पायपीट, जूनचा शेवटचा आठवडा. गाडी नाही. मी कौनासला राहते, आईबाबा नाशिकहून आलेत. पण समुद्र दोन किलोमीटर लांब हे मला माहीतच नव्हतं! खोलीच्या पानावर "पाण्यासमोर" लिहिलंय, मी समुद्र समजून जास्तीचे पैसे भरले.

व्हिसागुरू
आईबाबांच्या शेंगेन व्हिसाचे दिवस नीट मोजा. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि आल्याचा व जाण्याचा दिवसही धरतात. विम्याचा कागद जवळ ठेवा.

निळीछत्री
व्हिसा झालाय, आईबाबा इथेच आहेत. तरी आभार.

पायपीट
गाडी नाही म्हणजे जुना धक्का. बोट पाचदहा मिनिटांत पलीकडे स्मिल्तिनेला सोडते. तिथून निदाची बस, साधारण ५० किलोमीटर, तास धरा. बस वाटेतल्या युओदक्रान्ते गावावरून जाते. परतीच्या बसची वेळ उतरल्याउतरल्या बघून ठेवा, संध्याकाळी नाही.

आणि २४ जून टाळा. योनिनेस, म्हणजे त्यांचा उन्हाळी सण, देशभर सुट्टी. अख्खा देश समुद्राकडे निघतो.

आता पाहण्याचं. पार्निदिसची वाळूची टेकडी सोडू नका, सगळे सांगतात म्हणून ती वाईट ठरत नाही. ५२ मीटरच्या आसपास उंच, माथ्यावरून डावीकडे खाजण, उजवीकडे समुद्र, एकाच वेळी. दक्षिणेला नुसती उघडी वाळू थेट सरहद्दीपर्यंत. वर १९९५ मध्ये उभारलेलं दगडी सूर्यघड्याळ आहे, १९९९ च्या वादळात त्याचा खांब मोडला होता, मग पुन्हा बांधलं. संध्याकाळी जा. जूनअखेर सूर्य दहाच्या सुमारास बुडतो. लाकडी पायवाट सोडून वाळूत उतरायला बंदी आहे, ती पाळा, ती टेकडी पायांनीच खचतेय. गावातून काठाकाठाने चालत गेलं की लाकडी जिना लागतो, भरपूर पायऱ्या.

निळीछत्री
पायऱ्या?? आईच्या दोन्ही गुडघ्यांना त्रास आहे. एक जिना चढली की दुसऱ्या दिवशी झोपून.

पायपीट
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं ताई! सगळा बेतच बदलतो.

बाल्टिकप्रेमी
मग निदा रद्दच करा. पालांगाला जा. फेरीबोट नाही, क्लायपेदाहून सरळ बस, अंतरही थोडं. सगळं सपाट. समुद्रात ४७० मीटर आत गेलेला पूल, त्यावर संध्याकाळी सगळं गाव फिरतं. तिश्केविच घराण्याच्या १८९७ च्या महालात तृणमण्यांचं, म्हणजे अंबरचं म्युझियम आहे, आत माशी, कोळी अडकलेले खडे. भोवतीचं उद्यान एदुआर आंद्रे या फ्रेंच माणसाने आखलेलं, दर थोड्या अंतरावर बाक. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या, तीन दिवस मजेत राहिल्या.

पायपीट
पालांगाची मुख्य गल्ली उन्हाळ्यात जत्रा असते. गाणी, पाळणे, पिझ्झा. तसं गाव कुठेही मिळेल, निदा एकच आहे.

बाल्टिकप्रेमी
तुम्ही पाठीवर पिशवी टाकून फिरणारे. ज्येष्ठांना बाक लागतो, संडास लागतो. त्यांच्या आईंचा विचार करा.

पायपीट
तोच करतोय. टेकडीच्या माथ्याजवळ गाडीरस्ता जातो, वाहनतळ आहे. तिथून पुढे थोडंच चालायचं. गावातून टॅक्सी करा, त्याला परत यायलाही सांगून ठेवा. जिना लागतच नाही.

शब्दवेल्हाळ
लिथुआनियन भाषेकडे आईबाबांचं लक्ष नक्की वेधा! अग्नी म्हणजे उग्निस, पुत्र म्हणजे सूनुस (आपला सूनु), दात म्हणजे दान्तिस, धूर म्हणजे दूमाइ (धूम), देव म्हणजे दियेवास, मेंढी म्हणजे आविस (अवि). हयात असलेल्या भारोपीय (संस्कृत, मराठीच्याच कुळातल्या) भाषांत इतकी जुनी रूपं जपलेली भाषा विरळा. माझे वडील संस्कृतचे शिक्षक होते, त्यांना विल्नियसमध्ये पाट्या वाचताना डोळ्यांत पाणी आलं होतं.

निळीछत्री
हे बाबांना वाचून दाखवलं, ते आता मला "दान्तिस घासलेस का" विचारतायत. :) पण मूळ प्रश्न राहिलाय. टेकडी टॅक्सीने कळली. बाकी? आणि आई शाकाहारी आहे, अंडंही नाही.

देवगडकर
शाकाहारी असेल तर निदात मजा नाही.

सायकलस्वार
असं कसं म्हणता? बटाट्याचे घावन मिळतात, वर आंबट साय. बीटाचं गार गुलाबी सूप मिळतं, शाल्तिबार्श्चेई, ताकात कालवल्यासारखं, आपल्या तोंडाला लगेच रुचतं. पण त्यात उकडलेलं अंडं चिरून घालतात, आणि घावनाच्या पिठातही बहुतेकदा अंडं असतं. दोन्ही वेळा आधी विचारा. बटाट्याच्या मोठ्या लंबगोल उंड्यांत मांसाऐवजी पनीरसारखं सारण असलेला प्रकार असतो, पण वरून खारवलेल्या चरबीचा तुकडा पडतो, तो नको म्हणून सांगा. दशम्या न्याल तर उत्तमच.

आणि निदा पाहायची खरी रीत सायकल. भाड्याने मिळते, झाडीतून सलग रस्ता आहे.

निळीछत्री
गुडघे!

सायकलस्वार
हो हो, माफ करा. बाबांना तरी न्या. एक मात्र, गवतात शिरू नका. गोचिडं असतात आणि लिथुआनियात त्यांच्यामुळे मेंदूज्वर होतो. पाय झाकून ठेवा, रात्री गुडघ्यामागे, काखेत तपासा.

खारवारा
मी कोळीवाड्यातला, म्हणून माझं मन एका गोष्टीवर बसलं. कोळ्यांच्या होड्यांची निशाणं. १८४४ मध्ये तिथल्या मासेमारीच्या सरकारी अधिकाऱ्याने नियम केला, की प्रत्येक गावाच्या होडीने डोलकाठीवर ठरलेल्या रंगाचं निशाण लावायचं, म्हणजे लांबून कळावं कोण कुठे जाळं टाकतंय. दांड्यावरच्या गावांना काळा-पांढरा. पुढे कोळ्यांनी त्याभोवती लाकडात घर, होडी, माणसं, झाडं कोरायला सुरुवात केली. हिवाळ्यात बसल्या बसल्या कोरायचे. आता काठाने चालताना खांबांवर उभी दिसतात. काठ सपाट, फरसबंद आहे, आईंना चालेल. मी एकेकासमोर थांबलो. आमच्या होड्यांवरही कपाळाला रंग, निशाण, देवाचं नाव असतं, पण असं कोरलेलं घरदार मी कुठे पाहिलं नव्हतं.

तसंच विटांच्या चर्चशेजारची दफनभूमी. चर्च १८८८ चं. तिथे जुन्या लाकडी पाट्या आहेत, पक्षी, फुलं, बेडकासारखे आकार कापलेल्या. त्या डोक्याशी नाही, पायाशी रोवतात. शांत जागा आहे, आवाज न करता बघा.

पायपीट
खारवारांना अनुमोदन. तुमच्यासाठी हेच मुख्य. कोळ्याचं जुनं घरही पाहता येतं, निळ्या पाट्यांचं, बोरूच्या छपराचं. तुम्ही म्हणता ते लेखकाचं घर, जर्मन लेखक टॉमस मानचं, उंचवट्यावर आहे. त्यांना १९२९ चं नोबेल मिळालं आणि पुढच्या वर्षी हे घर बांधलं, १९३० ते ३२ असे तीनच उन्हाळे राहिले. आत फार काही नाही, समोरून खाजण दिसतं ते खरं. चढ आहे, आईंचा गुडघा बघून ठरवा.

युओदक्रान्तेचा चेटकिणींचा डोंगर, १९७९ पासून कोरलेले ओकचे पुतळे, सुंदर आहे, पण मातीची चढउताराची वाट. या खेपेला सोडा.

बाल्टिकप्रेमी
म्हणजे टेकडी टॅक्सीने, घर चढावर, पुतळे सोडा. मी म्हणतो तेच खरं ठरतंय.

चौकस
किनाऱ्यावर तृणमणी सापडतात म्हणे? खरा कसा ओळखायचा?

देवगडकर
वादळानंतर सापडतात. दाट मिठाच्या पाण्यात टाका, खरा तरंगतो, बरंचसं प्लास्टिक आणि काच बुडते. पण ओला पिवळा खडा लगेच खिशात घालू नका. बाल्टिकच्या काही किनाऱ्यांवर, जर्मनीच्या उजेडोम बेटाजवळ तर नक्कीच, युद्धातल्या बॉम्बचा फॉस्फरस वाहून येतो. दिसायला तसाच, वाळला की पेट घेतो. माणसं भाजली आहेत. धातूच्या डब्यात ठेवा.

निळीछत्री
सगळ्यांचे आभार, आणि गुडघ्याचं आधी न सांगितल्याबद्दल माफी. ठरलं ते असं. बुकिंग ठेवतेय, तारीख २७ केली. जुना धक्का, बस, दुपारी काठाने निशाणं बघत सावकाश, मग चर्च. संध्याकाळी टॅक्सीने टेकडी. दुसऱ्या दिवशी आई खाजणाकाठी बसेल, बाबा आणि मी समुद्रावर जाऊन येऊ. आईला विचारलं तर म्हणाली, "पाणी गोडं आहे ना, मग पाय बुडवून बसते." पालांगा पुढच्या वेळी, बाल्टिकप्रेमी, नक्की.

खारवारा, पायाशी रोवलेल्या पाट्यांचं बाबांना फार लागलं. कारण माहीत आहे का?

खारवारा
तिथल्या बाईंनी मला सांगितलं ते असं, की शेवटच्या दिवशी उठताना हाताने धरायला काहीतरी समोर हवं, म्हणून पायाशी.