रोलर दर वेळी नवा आणायचा की धुऊन वापरायचा?

ओली_पुट्टी
दोन खोल्यांना इमल्शन (पाण्यात मिसळणारा रंग) आणि तीन दारांना ऑइल पेंट मारायचाय. भिंती पुट्टी घासून गुळगुळीत आहेत, छताचा गिलावा मात्र खरखरीत आहे. ९ इंची रोलरने भिंतीवर पहिला हात मारला तर रंगात बारीक धागे चिकटले. नळाखाली धुऊन ठेवलेला रोलर दुसऱ्या दिवशी कडक झाला, आणि आतली पुठ्ठ्याची नळीही फुगली. रोलरच हलका होता की धुण्यात चुकलं? आणि रोलरवरची केसाळ लव किती लांब घ्यायची?

तिसरा_हात
दोन्ही. आधी लवेचं बघू. गुळगुळीत भिंतीला ९ ते १२ मिमी, खरखरीत छताला १८ मिमीच्या आसपास, दारांना ४ ते ६ मिमी. लांब लव रंग जास्त उचलते, पण गुळगुळीत भिंतीवर संत्र्याच्या सालीसारखे दाणे उठवते. आखूड लव खड्ड्यांत पोचतच नाही, मग माणूस दाबत सुटतो आणि रंग दोन्ही कडांनी बाहेर येतो.

इमल्शनला पॉलिएस्टर किंवा मायक्रोफायबर घ्या. पुन्हा वापरायचा असेल तर रिफिलची (दांड्यावर चढवायच्या लवेच्या नळकांड्याची) आतली नळी प्लास्टिकचीच हवी. पुठ्ठा पाणी पितो, फुगतो, त्याचे पदर सुटतात. त्याला धुण्याचे कष्ट वाया.

धागे नव्या रिफिलचे सुटतात. वापरण्याआधी मास्किंग टेप लवेवर गोल गुंडाळून दाबा आणि झटक्यात ओढून काढा. टेपवर धागे दिसेनासे होईपर्यंत दोन-तीनदा करा. मग साबणाच्या पाण्यात एकदा धुऊन सुकवा. रंगात बुडवण्यापूर्वी रिफिल पाण्याने ओली करून पूर्ण पिळा. हाताला नुसती दमट लागली पाहिजे. पाणी राहिलं तर पहिला पट्टा पातळ उतरतो. पण कोरडी बुडवली तर रंग थेट मुळाशी शिरून तिथेच वाळतो, आणि मग तो निघत नाही.

बादली_आणि_जाळी
कडक का झाला ते सांगतो. वरून पाणी स्वच्छ दिसायला लागलं की लोक थांबतात. रंग बसलेला असतो लवेच्या मुळाशी. अंगठ्यांनी लव फाकवून नळीजवळ बघा. तिथे रंगाची रेघ दिसली, किंवा दाबल्यावर दुधाळ पाणी आलं, तर धुणं अजून बाकी आहे.

क्रम असा. उरलेला रंग आधी वर्तमानपत्रावर फिरवून काढा. मग पुट्टीच्या पत्र्याची कड वरून खाली ओढा, रंग परत डब्यात पडू द्या. यात आळस केलात तर पुढे पाण्याच्या बादल्याच्या बादल्या लागतील. मग कोमट पाण्याची बादली, थोडं भांड्यांचं साबण, हाताने दाबत पिळायचं. पाणी तीनदा बदला आणि शेवटची धुलाई बिनसाबणाची ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी भिंतीवर बुडबुडे येतात. शेवटी रिफिल दांड्यावर चढवून रिकाम्या बादलीच्या आत जोरात फिरवा, पाणी उडून जातं. लव बोटांनी एकाच दिशेने विंचरा आणि रिफिल उभी ठेवून सुकवा. आडवी ठेवली तर ज्या बाजूवर टेकते तिथे लव चपटी होते, आणि ती जागा प्रत्येक फेऱ्यात भिंतीवर उमटते.

रात्रभर पाण्यात भिजत ठेवायची सवय असेल तर सोडा. लव बसते, आणि रिफिल दांड्यावरच असेल तर पिंजऱ्याच्या, म्हणजे रिफिल ज्यावर चढते त्या सांगाड्याच्या, तारेचा गंज लवेत उतरतो.

तिसरा_हात
@बादली_आणि_जाळी, सहमत. फक्त दोन हातांच्या मधे धुऊ नये. चार-पाच तासांची सुट्टी असेल तर रोलर रंगाने भरून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळा, हवा दाबून काढा, दांड्याजवळ गाठ मारा. रंगाने भरलेला रोलर उशिरा वाळतो, अर्धवट रिकामा लवकर.

दार_चौकट
दारांसाठी वेगळा हिशोब आहे. ४ इंची, आखूड लवेचा रोलर घ्या. साधा स्पंज नको, थिनरमध्ये तो मऊ पडून फाटतो आणि ऑइल पेंटवर बुडबुडे सोडतो. धुवायला टर्पेंटाइनच्या तीन धुलाया लागतात, म्हणून लहान ४ इंची रोलर एकाच कामात वापरून टाकणं परवडतं. इथे माझा वरच्या दोघांशी मतभेद आहे, सगळंच धुऊन ठेवण्यात अर्थ नाही.

धुतलाच तर ते टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. एक-दोन दिवसांत रंगाचा गाळ खाली बसतो, वरचं स्वच्छ पुन्हा पहिल्या धुलाईला चालतं. ऑइल पेंट पुसलेल्या चिंध्यांचा गोळा करून ठेवायचा नाही. तेल वाळताना उष्णता सोडतं, गोळ्यात ती साठते आणि आग लागू शकते. मोकळ्या जागी पसरून वाळवा.

पट्ट्यांबद्दल एक. दांडा ज्या बाजूने पिंजऱ्यात शिरतो त्या बाजूवर दाब जास्त पडतो. म्हणून रोलरची मोकळी बाजू आधी रंगवलेल्या भागाकडे ठेवा, मग कडेची जाड रेघ राहत नाही.

ओली_पुट्टी
पिशवीत बांधलेला रोलर दोन दिवस राहिला तर? आणि जुना रोलर कुठवर वापरायचा?

बादली_आणि_जाळी
एक रात्र चालते. त्यापुढे जाणार असाल तर धुऊनच टाका. पिशवी फ्रिजमध्ये ठेवली तर रंग सावकाश वाळतो, पण फ्रीजरमध्ये नको, इमल्शन गोठलं की फुटतं. उघडल्यावर रिफिलच्या दोन्ही टोकांवर बोट फिरवा. तिथे साय धरली असेल तर तिचे कण भिंतीवर खडे होऊन उतरतील.

धुऊन सुकलेली लव दाबून सोडल्यावर पुन्हा उभी राहते तोवर शेवटच्या हाताला चालवा. चपटीच राहिली की प्रायमरला उतरवा, तिथे तिचे धागे तरी सुटत नाहीत. आणि गडद रंगाची रिफिल पांढऱ्यासाठी कधीच घेऊ नका. नळीच्या आत मार्करने रंग लिहून ठेवा.